फोटूखालची नावं

— त्या खुर्चीवर नका बसू साहेब, तिचा एक पाय मोडलाय, ती नुस्ती शोभेला ठिवलीय. इकडं खताच्या पोत्यावर बसा — हां, अस्सं. आता सांगा, काय म्हणत व्हता तुमी? आमचा फोटू? कंपनीच्या पत्रकावर? रंगीत? अगं ऐकलं का — न्हाई, ती न्हाई आत, बाजारात गेलीय, पण सवय हाय मला, बायको घरात नसली तरी हाक मारायची. ह्योच फोटू ना, गल्ल्यावर लावलेला? हात नका लावू, खिळा ढिल्ला हाय, मी सांगतो कोण कोण हाय त्ये. ह्यो टोपीवाला, छाती फुगवून हुबा, ह्यो मी — बन्सीधर किशनराव गव्हाणे, बियाणं आणि खतं, ताडकळस, बाहेर पाटीवर वाचलंच असंल तुमी. मधी आमची कस्तुराबाई. पाच लेकरं — तीन आमची, दोन त्येची. ही सरजाबाई, त्येची बायको. आणि ह्यो कडंचा, ज्याचं तोंड जीपच्या बोनेटकडं हाय, त्यो पंडित. फोटूवाला 'इकडं बघा, इकडं बघा' म्हणून घसा फोडून घ्यायलाय आणि ह्यो बोनेटकडं बघायलाय. ऊन व्हतं हो डोळ्यावर. आणा, काय छापायचंय त्ये दाखवा. 'आमच्या योजनेचे मानकरी श्री. बन्सीधर गव्हाणे, त्यांचे बंधू श्री. पंडित ग—' हां. चांगलंय. कागद लय गुळगुळीत हाय तुमचा. सही इथं खाली करायची का? करतो की, घाई काय हाय, चा सांगितलाय, चा येऊ द्या.

योजना मात्र लय भारी काढली तुमच्या कंपनीनं. पहिल्यांदा तुमच्या आधीचे साहेब आले आणि म्हणले, बियाण्याच्या दर पिशवीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर पॉइंट, पॉइंट साठवा आणि वाघाच्या जंगलात लॉजमधी फुकट राहा, घरच्या माणसांना घेऊन. मी हसलो. आमच्या भागात कुणी फुकट कायी देऊ लागलं की माणूस आधी दोन पावलं मागं सरकतो. शेतकऱ्याला तर चिठ्ठी म्हणजे कचरा — पिशवी फोडली, सरकी टोकली, चिठ्ठी बांधावर. मी गल्ल्यावर बसणारा माणूस, मी काय बांधाबांधानं हिंडणार? हिंडला त्यो पंडित. त्येची जीप हाय ना, मिलिटरीच्या लिलावातली, तिच्यातनं माझा माल गावोगाव पोचवायचा आणि येताना चिठ्ठ्या येचत यायचा. पेडगावपास्नं चुडाव्यापर्यंत एक बांध सोडला न्हाई गड्यानं. लोक हसायचे, म्हणायचे, कापूस येचायच्या वक्ताला ह्यो कागद येचायलाय. भिजलेल्या चिठ्ठ्या सरजाबाई तव्यावर वाळवायची. आमची कस्तुराबाई कणकेची खळ करून वहीत चिकटवायची, तर त्या खळीच्या वासानं उंदरं आली आणि वहीची चार पानं खाऊन गेली. उंदरं कुठल्या लॉजला जाऊन राहिली काय म्हाईत.

पॉइंट कुणाचे म्हणता? वहीवर नाव माझं. दुकान माझं. — खरं बोलायचं तर निम्म्याच्या वर त्येचे. म्हणूनच ठरलं ना, मुक्काम वहीवरचा, जीप त्येची, दोन्ही घरं मिळून जायचं. आमी पहिलीपास्नं एका सतरंजीवर बसलेली माणसं साहेब. मला 'बन्सी' म्हणणारी या जगात दोनच माणसं, एक माझी माय, ती गेली, आणि दुसरा ह्यो.

तर डिसेंबरात निघालो. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर. आता त्या जीपचा एकच ऐब — शेल्प मारत न्हाई. धक्का मारल्याबिगर इंजिन उठत न्हाई. म्हणून पंडित गाडी कायम उतारावर लावतो. ताडकळसच्या बाजारात उतार कुठं कुठं हाय ते सरकारी मोजणीवाल्याला ठावं नसंल इतकं त्येला ठावं. उतार गावला तर चा, उतार गावला तर जेवण. यवतमाळच्या अलीकडं दोन घंटे उतारच आला न्हाई, लेकरं कळवळायली, पण पंडित म्हणतो, सपाटीवर कुणी उतरायचं न्हाई. आणि गाडीत दोन गोष्टी काढायच्या न्हाईत असं पहिलंच ठरलं व्हतं, एक पाटाचं पाणी आणि दुसरं विद्यापीठाचं नाव. पाटाच्या पाण्यावरनं माझं डोस्कं फिरतं, नावावरनं त्येचं. त्यो मोर्चाला जातो, एकदा आठ दिवस आत बसून आलाय. मी? मी दुकानदार माणूस. मला दोन्हीकडचं गिऱ्हाईक. कुणी इचारलं की मी म्हणतो, बघू, होईल कायतरी, कितीची पिशवी देऊ?

आमची कस्तुराबाई तर काय सांगू. तिला वाटलं, फुकट ठिवून घेणारा म्हणजे कुणीतरी पाव्हणाच की, आणि पाव्हण्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून लॉजच्या मॅनेजरसाठी टॉवेल, टोपी, नारळ बांधून घेतलं. पोचल्या पोचल्या त्या पँटवाल्या माणसाला खुर्चीत बसवलं, डोईवर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. त्यो बिचारा घाबरून मला इचारतो, ह्ये कशाचं हाय? मी म्हणलं, आहेर हाय, घ्या, तुमी आमाला लेकराबाळासगट ठिवून घेतलं. तीन दिवस त्यो माणूस आमच्यासमोर आला की टोपी घालून यायचा. आणि सैपाक? धपाटे, शेंगाची चटणी, खारातल्या मिरच्या, सगळं इथनं नेलेलं. वर रॉकेलचा स्टोव्ह! दुसऱ्या दिवशी दोघी बायांनी वरांड्यात पिठलं टाकलं, ठसका सगळ्या लॉजला. एक गोरा साहेब खोकत खोकत आला आणि चार भाकरी खाऊन गेला.

चा घ्या साहेब. बशीत ओता, कप गरम हाय.

आता त्ये नावाचं. त्येचं असं झालं — ह्यो रजिस्टर म्हणून एक मोठा चोपडा समोर आला, म्हणले नावं लिवा. पंडित बाहेर गाडी लावायला गेलेला, उतार हुडकायला. मी पेन घेतलं आणि सगळ्यांची नावं लिवून टाकली. आता तुमचा नियमच तसा ना! एक वही, एक घर, एक आडनाव. छापलंय तुमीच वहीच्या मागं. मग मी काय करणार? लिवलं 'पंडित गव्हाणे, भाऊ'. पुढं 'सरजाबाई गव्हाणे'. लेकरं गव्हाणे. नियमाला धरून. त्येच्यात वाईट काय? भाऊच म्हणलं की मी. दुसऱ्यानं म्हणलं असतं का?

त्येला ठावंच नव्हतं. कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. वेटर चा घेऊन आला आणि पंडितपाशी हुबा राहून म्हणायलाय, 'गव्हाणे साहेब, चा.' पंडित लेकराला स्वेटर घालायलाय. 'गव्हाणे साहेब!' पंडित मला म्हणतो, बन्सी, तुला बोलवायलाय. वेटर म्हणतो, न्हाई, तुमालाच, दोन नंबर खोलीतले गव्हाणे. आमी सगळे हसलो. मी लय हसलो. पंडित उठला, आत गेला, रजिस्टर बघून आला. म्हणला, चला, जंगलात जायचा टाइम झाला.

मला चूप बसवत न्हाई हो साहेब, ह्योच माझा ऐब. गाडीत मी त्येच्या बाजूला, मागं सगळे आणि वाटाड्या. वाटाड्यानं सांगितलं, भडक कपडे नकोत, बोलणं नको. कस्तुराबाईचं लुगडं लालभडक, तिच्यावर पोतं टाकलं व्हतं, पोत्यातनं नुस्तं नाक दिसायलं. मला वाटलं, याला हसवावं. मी हळूच म्हणलं, 'पंडित, तू एका नावासाठी मोर्चे काढतूस, तर दोन दिवस माझं नाव लावलं म्हणून काय बिघडलं रे?' — हसला न्हाई त्यो. तुमी बी न्हाई हसलात. मला त्या टायमाला लय भारी वाटली व्हती ती गंमत.

त्येनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. सपाटीवर! जल्मात पहिल्यांदा पंडितनं सपाटीवर इंजिन बंद केलं. समोर बघतच म्हणला — मोठ्यानं न्हाई, जंगलात बोलायचं नसतं ना — म्हणला, 'शाळेत माझ्या आडनावाच्या जागी हेडमास्तरनं जात लिवली व्हती. माझा बाप तीनदा चालत गेला त्ये बदलायला. तिसऱ्यांदा दिवसभर उन्हात बसला, म्हणला, खिल्लारे लिवल्याबिगर उठत न्हाई. तुमी खोडलं त्ये एका चा-पाण्याच्या वक्तात, गव्हाणे साहेब.'

'तुमी' म्हणला मला. त्यो. 'साहेब' म्हणला.

आणि साहेब, त्याच वक्ताला वाघ आला. खोटं न्हाई सांगत, लेकरांना इचारा. बांबूतनं निघाला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन बसला. बसला म्हणजे — आमच्या बाजारात म्हस बसती तसा. कस्तुराबाई पोत्यात. वाटाड्या म्हणतो, गाडी चालू ठिवा. आता कशाची चालू! धक्का कोण मारणार? पंडित स्टेरिंग धरून बसलेला, समोर वाघ, बाजूला मी, आणि मला वाघाची भीती वाटंना झाली. मला वाटायलं, ह्यो माझ्याकडं एकदा बघंल तर बरं. अर्धा घंटा बसला वाघ. मग उठला, एकदा आमच्याकडं बघून गेला. निदान वाघानं तरी बघितलं.

मग मी उतरलो. वाटाड्या 'उतरू नका, उतरू नका' म्हणायलाय, मी उतरलो आणि एकट्यानं जीप ढकलायला लागलो. आठ माणसं, एक वाटाड्या, एक स्टोव्ह. मागं बांबूत खसखस व्हायली. पुढनं पंडितचा आवाज आला — 'ढकला, गव्हाणे साहेब.' बस. पुढचे दोन दिवस आणि परतीची सगळी वाट, ह्या चार शब्दांवर त्येनं भागवलं. — तीन? तीनच का? असू द्या, मला जास्त वाटले. ह्यो फोटू त्याच दुपारचा. ऊन? ऊन त्येच्या पाठीमागनं व्हतं साहेब. सावली बघा की फोटूत, कुठं पडलीय.

तवापास्नं माल येतो. बरोबर वक्ताला येतो, एक पिशवी कमी न्हाई. पण दुकानाची पायरी चढत न्हाई त्यो. आधी रस्त्यावरनं 'ए बन्सी' म्हणून हाक मारायचा, आता हॉर्न मारतो. दोनदा. मी आमच्या मुंजाजी हमालाला धाडतो. चिठ्ठ्या? चिठ्ठ्या बी येतात. सरजाबाई बाजारात कस्तुराबाईला देती, फडक्यात बांधून. बाया बोलतात एकमेकीशी, बायांचं बरं असतं. आता वही पुन्यांदा भरलीय, ते मध्य प्रदेशातलं जंगल मिळणार म्हणलात ना, हत्तीवर बसून वाघ बघायचं? मी कस्तुराबाईला सांगितलं. ती म्हणली, 'सरजा संगं नसंल तर मी हत्तीवर बसून कुणाशी बोलू, हत्तीशी?'

मी काय म्हणतो, माझी चूक एवढी मोठी हाय का? नियम तुमचा. मी नियमाला धरून लिवलं. न्हाई, नियम मी वाचला ना — कवा म्हणजे? घरी आल्यावर. कस्तुराबाई नवी वही चिकटवायली तवा मागचं पान —

काय म्हणलात?

हां. म्हणलो. घरी आल्यावर वाचला.

मग तिथं कामून लिवलं? ... चा गार झाला तुमचा. सांगतो. तुमी परगावचे, उद्या दुसरीकडं जाल. रजिस्टरपाशी माझ्यामागं पेडगावचा माणिकराव हुबा व्हता. त्यो बी तुमचाच दुकानदार, त्येला बी मुक्काम मिळालेला. मोठ्या घरचा माणूस, आमच्या सोयऱ्यातला. बाहेर पंडित गाडी लावायलाय, सरजाबाई लेकरं उतरवायली, तिकडं बघून त्यो मला इचारतो, 'हे कुठले पाव्हणे?' आता तुमाला वाटंल, साधा सवाल हाय. आमच्याकडं साहेब, जात कुणी जात म्हणून इचारत न्हाई. 'कुठले पाव्हणे' म्हणून इचारतात. गावाचं नाव सांगितलं की म्हणतात, हां, पण त्येच्यातले कोण? आणि रातीला सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं व्हतं. मला वाटलं, आता ह्यो उठून जाईल. न्हाईतर ह्या दोघांना कायतरी बोलंल. न्हाईतर — खरं सांगू? त्यो उठून जाईल, ह्या दोघांना बोलंल, ह्ये सगळं मी नंतर जोडलं. तवा मला एवढंच वाटलं, ह्यो आमच्या सोयऱ्यात जाऊन माझं सांगंल. तर माझ्या तोंडातनं निघालं, 'भाऊ हाय माझा, चुलत.' आणि माणिकराव रजिस्टरात वाकून बघायलाय. मग हातानं बी तेच लिवलं. माझ्या घरी पंडित चुलीपाशी बसून जेवतो साहेब, सगळ्या गावाला ठावं हाय. पण तिथं, चारशे किलोमीटरवर, एका माणसापुढं माझी हिंमत झाली न्हाई. वाघापुढं झाली. माणिकरावापुढं न्हाई झाली.

ह्ये मी कस्तुराबाईला बी सांगितलं न्हाई. पंडितला सांगायची गरज नव्हती, त्येला रजिस्टर बघतानाच कळलं असंल, खालच्याच ओळीत माणिकरावाचं नाव व्हतं.

आणि आता तुमी ह्ये पत्रक छापणार. कुठं कुठं लावणार म्हणलात? सगळ्या दुकानात, ठेसनावर, बस स्टँडवर. तुमाला पंडितचा बाप ठावं न्हाई, दत्तराव म्हातारा. साठीत वाचायला शिकला, सरकारी प्रौढ वर्गात. आता जे दिसंल ते मोठ्यानं वाचतो. माझ्या दुकानात येऊन औषधाच्या बाटल्या वाचतो, 'लहान मुलांपासून दूर ठेवा', आणि माझ्या लेकरांना दूर करतो. चुडाव्याच्या ठेसनावर पाटी वाचत बसला आणि गाडी निघून गेली, तरी खुश, म्हणला, पाटी पुरी झाली. त्यो ह्ये वाचंल साहेब. बोट ठिवून वाचंल. पहिलं फोटूत आपला पोरगा बघंल, खुश व्हईल, चार माणसांना बोलवंल, आणि मग मोठ्यानं वाचायला लागंल — 'श्री. पंडित...' तीनदा चालत गेलेला माणूस हाय त्यो.

द्या इकडं त्यो कागद. पेन बी द्या तुमचं, माझं चालत न्हाई.

माझं चित्त ठिकाणावर हाय, तुमी बसा. काय व्हईल म्हणता? दोन आडनावं दिसली की नियम मोडला, वही रद्द? मग करा रद्द. हत्ती गेला? जाऊ द्या, कस्तुराबाईचं हत्तीशी तसं बी जमणार नव्हतं. एजन्सी काढून घेतील? घेऊ द्या, बियाण्याच्या कंपन्या काय थोड्या हायत? ... एजन्सी काढून घेणार न्हाईत ना पण? न्हाई, सहज इचारलं. हे बघा — 'गव्हाणे' खोडलं. त्येचं. माझं राहू दिलं. आता वर ठळक अक्षरात लिवतो, नीट वाचता येईल असं, म्हाताऱ्याला चष्मा न्हाई — पंडित दत्तराव खिल्लारे. बापाचं नाव बी टाकलं. खाली 'सरजाबाई पंडित खिल्लारे'. बघा, मावलं की. जागा व्हती की एवढी.

आता ह्यो एक शब्द राहिला. 'बंधू'. ह्यो खोडू का ठिवू? आडनाव माझ्या हातानं घातलं, माझ्या हातानं काढलं. पण ह्ये... ह्ये माझं एकट्याचं न्हाई ना. त्येला इचारावं लागंल. तवा बी इचारायला पायजे व्हतं, गाडी लावून येईस्तोवर थांबायचं, बस एवढंच व्हतं.

ऐकलं? हॉर्न. दोनदा. त्योच हाय.

थांब रे मुंजाजी, तू नको जाऊ. मी जातो. सरका जरा साहेब, पायात पोतं हाय. कागद? कागद माझ्यापाशी राहू द्या, आत्ता न्हाई मिळायचा. तुमी निघा, तुमची बस बी सुटंल. बाजाराच्या गाड्या लागल्यात सगळीकडं, उतारावर जागा न्हाई ऱ्हायली, सपाटीवरच हुबा हाय बघा — ए पंडित! पंडित! इंजिन बंद करू नको! — न्हाई, कर. खुशाल बंद कर. धक्का मी मारतो.